बारा रंगांतले चार

गुरम्मा बळेगारला लिहिता-वाचता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकलं की शिकलेली माणसं हमखास विचारतात, बाई किती बुकं शिकली होती. बाई बांगड्या भरायला शिकली होती. बळेगार म्हणजे आमच्या कर्नाटक सीमेकडचे लिंगायत बांगडीवाले. घर उदगीरला, पण पाय घरात टिकत नसे. डोक्यावर फडक्यानं झाकलेली पाटी, खांद्यावर दोरीत ओवलेल्या बांगड्यांचे सर, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग आणि तोंडात पान नाहीतर टोमणा. नवरा सिद्धलिंग उदगीरच्या दुकानात फळीवर बसायचा. "त्याला गिऱ्हाईक दिसलं की झोप येती," ती म्हणायची, "म्हून मला चालावं लागतं." आणि ती चालायची; जळकोट, चाकूर, देगलूर, कधी नांदेडवरून पार हदगावच्या बाजारापर्यंत.

तिच्या पाटीत बारा रंग असत. चार रंगांचा मिळून एक चुडा भरायचा, अशी तिची पद्धत. लग्न होऊन नवी नवी पाटी उचलली तेव्हा एका मांडवात वीसेक बायकांनी तिला वेढलं आणि प्रत्येकीनं एकच हट्ट धरला, माझ्यासारखा चुडा दुसरीच्या हातात दिसता कामा नये. बाईनं ते निभावलं. पण घरी परतताना तिच्या डोक्यात भुंगा शिरला, की हे असे वेगवेगळे चुडे संपणार कधी? विचारायला कोण होतं? तिनं उंबऱ्यावर चिंचोके मांडले.

तिची रीत मी पुढं तिच्याच तोंडून ऐकली. पाटीत चारच रंग असले तर चुडा एकच. पाचवा रंग आला, तर जुना एक चुडा आहे तसाच राहतो. शिवाय नव्या रंगाच्या जोडीला जुन्या चारांतले तीन घ्यायचे. चारांतले तीन घ्यायचे म्हणजे एकाला सोडायचं, ते चार तऱ्हांनी. एक आणि चार, झाले पाच. सहावा रंग आला की जुने पाच, आणि नव्याच्या जोडीला पाचांतले तीन, त्याचे दहा. झाले पंधरा. अशी एकेक रंग वाढवत ती बाराव्यापर्यंत गेली. अकरा रंगांचे तीनशे तीस, बाराव्याला जोडून येणारे एकशे पासष्ट, मिळून चारशे पंचाण्णव. त्या दिवसापासून ती गिऱ्हाइकाला छातीठोक सांगू लागली, "चारशे पंचाण्णव बायका येऊ द्या, एकीसारखा चुडा दुसरीला भरणार न्हाई. चारशे शहाण्णवावी आली तर तिला हात जोडीन."

आता तळ्याच्या वाडीकडं येतो. लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची गोष्ट. लोक म्हणायचे, नवा जिल्हा आला, नव्या पाट्या आल्या, पाऊस तेवढा जुन्या जिल्ह्यात राहिला. तळ्याच्या वाडीत तळं कधीच नव्हतं, त्या साली विहिरीही नव्हत्यासारख्याच. सगळं गाव रोजगार हमीवर. रस्त्याची खडी फोडायची, ढीग लावायचे. मी तेव्हा त्या पट्ट्यात मजुरांचे अर्ज लिहीत, साहेबलोकांशी भांडत फिरत होतो. सातवीनंतर शाळा सुटली, ती मी कायद्याच्या पुस्तकात पुन्हा भरवली होती. त्याचा मला ताठा होता, आणि होता तर होता.

गावाच्या शिवारात वनखात्याची रोपवाटिका होती. वर तुराट्यांचा मांडव, शेजारी पाणी असलेली एकुलती एक विहीर, आणि काम काय, तर पिशव्यांत माती भरायची. त्या कामाला महिन्याला चारच बाया लागत. अर्ज आले बाराजणींचे. वेशीजवळच्या खालच्या गल्लीतल्या सात, देवळाजवळच्या वरच्या गल्लीतल्या पाच. भांडण नको म्हणून गावानं ईश्वरचिठ्ठी काढायची ठरवली. दर महिन्याला महादेवाच्या देवळात बारा चिठ्ठ्यांतून चार निघायच्या. तीन महिने झाले. तिन्ही वेळा चारीच्या चारी नावं वरच्या गल्लीची निघाली. खालची गल्ली उन्हात खडी फोडत राहिली आणि म्हणत राहिली, देवाची मर्जी.

मला हे माहीत होतं. देवाच्या मर्जीला अर्ज कुठं करावा हे माहीत नव्हतं.

चौथ्या चिठ्ठीच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी खालच्या गल्लीत तारामतीच्या घरी अर्जावर अंगठा घ्यायला गेलो. गुरम्मा तिथं बसलेली. तारामतीला सातवा लागला होता, म्हणून सासूनं हिरवा चुडा भरायला तिला बोलावलं होतं. गुरम्मानं पोरीचा हात धरून दाबला आणि थांबली.

"ह्ये काय गं तळव्याला?"

"हातोडा, अक्का."

"सातव्या महिन्यात खडी फोडून राहिली का तू?"

"काय करावं? परवा भोवळ आली तर मुकादमानं गोणपाट टाकून निजवलं थोडं. रोपवाटिकेत माझं नाव निघत न्हाई. महादेवाची मर्जी."

गुरम्मानं गळ्यातली डबी चाचपली. "महादेव माझ्यापाशी बी हाय. तो असा एका गल्लीचा न्हाई." मग माझ्याकडं वळली. "व्यंकट बाबा, तू ह्या गावचा पुढारी ना? नावं किती, काढतेत किती, निघाली कुनाची, समदं सांग."

मी सांगितलं. तिनं पाटीतून पाच लाल बांगड्या काढल्या, त्या वरची गल्ली. सात हिरव्या काढल्या, त्या खालची गल्ली.

"नोडप्पा," ती म्हणाली. कानडीत ते 'बघ बाबा'. "ह्या बारांतल्या चार उचलायच्या, तर चारशे पंचाण्णव तऱ्हा. चारी लालच यायच्या, तर पाचांतली एक मागं ठिवायची, म्हंजे पाचच तऱ्हा. चारशे पंचाण्णवात पाच. दोन्हीला पाचानं भाग. नव्व्याण्णवात एक."

मला वाटलं, बाई ठोकून देतीय. मी वही काढली. माझी रीत वेगळी, रद्दीतल्या गणिताच्या गाइडातली. पहिली बाई बाराजणींतली, दुसरी उरलेल्या अकरांतली, तिसरी दहांतली, चौथी नवांतली. गुणून अकरा हजार आठशे ऐंशी. पण त्याच चौघी कोणत्याही क्रमानं निघाल्या तरी गट तोच, आणि चौघींचे क्रम होतात चोवीस. भाग दिला. चारशे पंचाण्णव. मी पुन्हा भाग दिला. पुन्हा तेच.

"जमलं का?" गुरम्मानं विचारलं.

"जमलं."

"मला तीस वर्सांमागं जमलं व्हतं. आता तीनदा सलग तसंच व्हायचं, ते सांग. ते माझ्या चिंचोक्यांत मावत न्हाई."

नव्व्याण्णव गुणिले नव्व्याण्णव गुणिले नव्व्याण्णव. मी गुणत बसलो, तोवर तिनं तारामतीच्या सासूकडून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन खाल्ली आणि वर तांब्याभर पाणी मागायच्या ऐवजी अर्धाच मागितला. उत्तर आलं नऊ लाख सत्तर हजार दोनशे नव्व्याण्णव. तेवढ्यात एक.

माझं डोकं सणकलं. "चोर आहेत सगळे. चिठ्ठ्या लिहितो तो शेषेराव ग्रामसेवक, तो राहतोय वरच्या गल्लीत. आजच अर्ज लिहितो लातूरला."

"हिशोब एवढंच सांगतोय की ह्ये नशीब न्हाई," गुरम्मा तोंड पुसत म्हणाली. "चोर हाय का, अन् कोन हाय, ते न्हाई सांगत. आधी बघ, मंग भांड."

पण बघून भांडायची मला सवय नव्हती. रात्रीच्या आत मी चार पानी तक्रार लिहिली. तीत 'संगनमत' हा शब्द सात वेळा होता.

सोमवारी दुपारी देवळापुढं गाव जमलं. शेषेराव दप्तर घेऊन बसला, देवळाचे पुजारी शिवमूर्ती स्वामी गाभाऱ्याच्या दाराशी. मी उभा राहिलो आणि शेषेरावला सगळ्यांदेखत चोर म्हणालो. मग आकडा सांगितला, नऊ लाख सत्तर हजार. लोकांवर काहीच परिणाम झाला नाही. नऊ लाख कुणी पाहिलेत? शेषेराव मात्र पांढरा पडला. काटक, पापभीरू माणूस. त्याच्या पेनाचं टोपणसुद्धा दोऱ्यानं बांधलेलं असायचं.

वरच्या गल्लीतली लक्ष्मीबाई कमरेला पदर खोचून पुढं आली. तिन्ही महिने तिचं नाव निघालं होतं. "तुमच्या गल्लीचं नशीब फुटकं, त्याला आमी काय करावं? अन् व्यंकट, तुला आकडे येतेत तर पावसाचा आकडा काढ की."

लोक हसले. माझी जीभ तयारच होती, पण गुरम्मानं माझा सदरा मागून ओढला आणि स्वतः पायरीवर पाटी ठेवून बसली. पाच लाल, सात हिरव्या, सगळ्या एकाच मापाच्या, तिनं कापडी पिशवीत टाकल्या आणि पिशवी अलगद हलवली.

"लक्ष्मीबाई, चारी लाल निघाल्या की तुमच्या गल्लीचं नशीब. ज्याला हौस असंल त्यानं हात घालावा. न बघता चार काढायच्या, दाखवायच्या, परत टाकायच्या. फोडली तर दाम द्यायचा."

पहिला हात लक्ष्मीबाईनंच घातला. काढल्या, बघितल्या, आणि मूठ वर करून गावाला दाखवल्या. चारी लाल.

देवळापुढं असा हशा उठला की स्वामीसुद्धा पोट धरून हसले. मला वाटलं, उठून सरळ स्टँडवर जावं.

गुरम्मा पान चघळत राहिली. "हाव, निघत्यात की. नव्व्याण्णवात एकदा निघतातच, मी कुठं न्हाई म्हनते? टाका परत. पुन्हा काढा."

लक्ष्मीबाईनं पुन्हा काढल्या. दोन लाल, दोन हिरव्या.

"पुन्हा."

एक लाल, तीन हिरव्या.

"पुन्हा. तुमचं नशीब तीनदा सलग निघतंय ना? निघू द्या."

लक्ष्मीबाई इरेला पेटली. त्या पहिल्या खेपेनंतर अठरा वेळा तिनं हात घातला आणि अठराही वेळा कुठली ना कुठली हिरवी डोकावलीच. मग बाकीची मंडळी उठली. म्हातारे उठले, सासवा उठल्या, एकानं डाव्या हातानं काढून बघितलं, एकानं आधी महादेवाला नमस्कार घातला. गुरम्मा दर खेपेला पिशवी हलवी आणि चिंचोका बाजूला सारी. उन्हं कलली तेव्हा दोनशे दहा चिंचोके झाले होते, एक बांगडी फुटून तिच्या जागी त्याच रंगाची दुसरी घातली होती, आणि चारी लाल सगळ्या मिळून दोनदा निघाल्या होत्या. सलग एकदाही नाही.

नऊ लाख कुणाला कळले नव्हते. पण आपल्याच हातानं दोनशे वेळा जे होत नाही, ते चिठ्ठीत तीनदा सलग कसं झालं, हे प्रत्येकाला कळलं. लक्ष्मीबाईसुद्धा शेषेरावकडं बघायला लागली.

शेषेरावच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी चिठ्ठीला हात लावत नाही हो. लिहितो, नाव वाचतो, टाकतो. काढतात स्वामी. बसा समोर, आज तुमच्यादेखत करतो."

त्यानं बारा चिठ्ठ्या लिहिल्या, घरांच्या नंबराप्रमाणं. नंबर वेशीपासून सुरू होतात, म्हणून खालची गल्ली आधी, वरची शेवटी. एकेक नाव मोठ्यानं वाचून, घडी करून तो कलशात टाकू लागला. गुरम्मा गुडघ्यावर हात ठेवून बघत होती.

त्या कलशाबद्दल सांगायला पाहिजे. मागच्या श्रावणात स्वामींनी पावसासाठी महादेवापुढं कलश मांडला होता. पाऊस आला की उचलायचा, असा संकल्प. पाऊस आला नाही, कलश उचलला गेला नाही. आतलं पाणी कधीच आटलं, वरचा नारळ वाळून खडखडीत झाला. तेव्हा गावाला वाटलं, देवापुढचं रिकामं भांडं, चिठ्ठीला यापेक्षा पवित्र काय असणार. दर महिन्याला नारळ उतरवून चिठ्ठ्या त्यात टाकत, आणि चार निघाल्या की उरलेल्या काडीनं काढून घेत. बारावी चिठ्ठी पडली. स्वामींनी डोळे मिटले, अरुंद तोंडातून दोन बोटं आत घातली.

"थांबा स्वामी," गुरम्मा म्हणाली. "पिशवी मी दर खेपंला हलवली. तुमचा कलश कोन हलवतंय?"

स्वामींनी डोळे उघडले. "मांडलेला कलश हलवतात का गं? लिंगायताची असून विचारतीस?"

"म्हंजे कोनीच हलवत न्हाई."

"कसा हलवणार?"

कुणाला लगेच उमगलं नाही. मलाही नाही, खोटं कशाला बोलू. मग गुरम्मानं कलशात वाकून बघितलं आणि बोटानं दाखवलं. बारा चिठ्ठ्या एकीवर एक, पोळ्यांच्या चवडीसारख्या. तळाला वेस, वर देऊळ. दोन बोटं जाणार कितपत खोल? वरच्या पाचांतल्याच चार निघणार. तीन महिने चोरी कुणीच केली नव्हती. गावानं फक्त देवाचा मान राखला होता, आणि त्या मानाखाली सात बाया दबल्या होत्या.

माझ्या खिशातली चार पानं मला विस्तवासारखी लागायला लागली. शेषेराव माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, "चोर म्हणालो ते मागं घेतो." एवढं बोलायला मला खडीचा ढीग फोडण्याइतका घाम आला. वर गुरम्मा म्हणते, "जरा मोठ्यानं म्हन, चोर म्हनताना मोठ्यानं म्हनाला व्हतास."

मी मोठ्यानं म्हणालो.

आता पुढचा घोळ असा, की स्वामी कलश हलवू देईनात आणि कलश सोडून दुसरीकडं चिठ्ठी काढायला गाव तयार होईना. देवाची साक्ष पाहिजेच. गुरम्मानं तिथल्याच एकीकडून सूप मागवलं. चिठ्ठ्या काडीनं कलशातून बाहेर काढून सुपात टाकल्या आणि सूप लक्ष्मीबाईच्या हातात दिलं. "घोळ बाई, ज्वारी घोळतीस तशी. तू घोळल्यावर खालच्या गल्लीला शंका न्हाई, वरच्या गल्लीला बी न्हाई. मंग वता कलशात. देव जागचा हलला न्हाई, चिठ्ठ्या हलल्या."

स्वामींनी थोडा विचार केला आणि मान हलवली.

तारामती भिंतीला टेकून बसली होती, हातातल्या हिरव्या चुड्यावर दुसरा हात ठेवून. गुरम्मा तिच्याजवळ गेली. "हे बघ पोरी, आशा किती धरायची ते सांगून ठिवते. तुला धरून चौघींचे गट व्हतात एकशे पासष्ट, तुझ्यासंगं बाकीच्या अकरांतल्या तिघी. समदे चारशे पंचाण्णव. म्हंजे तिनात एक. न्हाई निघालं तर आज कुनाचा दोष न्हाई."

"हाव अक्का," तारामती म्हणाली. पण ऐकत होती असं वाटलं नाही.

लक्ष्मीबाईनं चिठ्ठ्या अशा घोळल्या, की त्यात खडे असते तर निवडून निघाले असते. मग कलशात ओतल्या. स्वामींनी बोटं घातली. पहिली चिठ्ठी शिवगंगा, खालची गल्ली. खालच्या गल्लीतून एक हुंकार आला. दुसरी लक्ष्मीबाई, आता वरच्या गल्लीला हसायची चोरी झाली. तिसरी दानम्मा, खालची गल्ली. चौथी वरच्या गल्लीतल्या एका म्हातारीची.

तारामतीचं नाव निघालं नाही.

ती भिंतीला धरून उठली. "बरं झालं," ती म्हणाली, "आज न्हाई निघालं ते तरी खरं न्हाई निघालं." आणि चालायला लागली. तिच्या चालीवरून दिसत होतं, पुढचे दोन महिने त्या ढिगावर ती कशी काढणार. मी गुरम्माकडं बघितलं. तिच्याकडं आता कुठला हिशोब उरला नव्हता. ती फुटलेल्या बांगडीचे तुकडे वेचत होती.

"ए, थांब गं," लक्ष्मीबाई ओरडली. सूप अजून तिच्याच हातात होतं. "शेषेराव, आजची माझी चिठ्ठी खरी का खोटी?"

"खरी."

"मागल्या तीन?"

शेषेराव चाचरला. "त्या... वर होत्या म्हणून निघाल्या."

"म्हंजे त्या माझ्या नव्हत्याच. तीन महिने मी दुसऱ्याच्या सावलीत बसले, अन् मला वाटलं महादेवाचा माझ्यावर जीव हाय." तिनं सूप खाली ठेवलं. "आजची माझी हाय. माझी हाय तर मी कुनाला बी दीन. हिला दिली."

"तसा नियम नाही," शेषेराव म्हणाला.

"देऊ नये असाही नियम नाही," मी म्हणालो. "असला तर कलम दाखवा." कलम त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. पण आमच्यात जो आधी विचारतो तो जिंकतो.

शेषेरावनं दोऱ्यानं बांधलेलं टोपण काढलं आणि यादीत लक्ष्मीबाईच्या नावापुढं तारामतीचं नाव लिहिलं. तारामती काही बोलायला लागली, तशी लक्ष्मीबाईनं तिला झिडकारलं. "रडू नको. तुझी दया आली म्हून न्हाई देत. ह्या बळेगारणीनं अठरा वेळा माझा हात पिशवीत घालायला लावला, तवा मला माझ्या नशिबाचा राग आला म्हून देते."

"तुझं नशीब चांगलं हाय," गुरम्मा म्हणाली. "पहिल्याच हाताला चारी लाल काढणारी बाई मी आजवर बघितली न्हाई."

"गप गं."

त्या रात्री मी तक्रारीच्या चार पानांच्या कोऱ्या बाजूवर नवा अर्ज लिहिला. पोटुशी बाई चिठ्ठीत नसावी. तिला एक जागा धरून ठेवावी आणि उरलेल्या तीन जागांसाठी बाकीच्या अकराजणींतून चिठ्ठी काढावी. त्याच्या तऱ्हा एकशे पासष्ट होतात, हेही लिहिलं. साहेबाला कळो न कळो. सकाळी लातूरची गाडी धरायला फाट्यावर चाललो होतो, तेव्हा तुराट्यांच्या मांडवाखाली तारामती पिशव्यांत माती भरताना दिसली. पाठीला खांब, पाय लांब केलेले.

फाट्याजवळ खडीच्या ढिगावर लक्ष्मीबाई हातोडा घेऊन बसली होती. शेजारची बाई तिला डिवचत होती, "काय गं, गेली का सावली तुझी?"

"गेली कुठं?" लक्ष्मीबाईनं दगडावर घाव घातला. "जागा माझीच हाय. महिनाभर तिच्यापाशी ठिवायला दिलीया."